हिरवं, तांबूस, काळं: करवंद कधी तोडायचं आणि त्याचं काय करायचं

करवंदाचं लोणचं मऊ पडलं, जेली धरलीच नाही, सरबत काळपट झालं, अशा तक्रारी दर उन्हाळ्यात ऐकू येतात. बहुतेक वेळा कृती बरोबर असते. चुकलेला असतो तो फळाचा टप्पा, नाहीतर चीक नीट काढलेला नसतो. करवंदाच्या कामात या दोन गोष्टी सांभाळल्या की निम्म्याहून जास्त काम झालं म्हणून समजा. म्हणून या लेखात पदार्थांच्या आधी फळाची ओळख, तोडणी आणि चीक यांवर बरंच लिहिलं आहे. घाई असली तरी तो भाग वगळू नका.

जाळी कुठं भेटते आणि कशी ओळखायची

कोल्हापूर जिल्ह्यात पावसाचं मान एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला विलक्षण बदलतं. गगनबावड्याला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तर शिरोळकडे त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा. करवंदीची जाळी या दोन्हींकडे जगते, पण तिचं खरं घर म्हणजे मधला डोंगरपट्टा: पन्हाळा, जोतिबाचा डोंगर, मसाई पठाराच्या कडा, भुदरगड, आजरा, चंदगडकडचे जांभ्याचे माळ. माती जेमतेम वीतभर, खाली कातळ किंवा मुरूम, फेब्रुवारी ते मे पाण्याचा थेंब नाही आणि माथ्यावर ऊन. अशा जागी दुसरं फळझाड मान टाकतं तेव्हा करवंद बहरात असते. जाड, चामड्यासारखी चकचकीत पानं आणि खडकाच्या फटीत खोल जाणारी मुळं यांच्या बळावर ती उन्हाळा काढते.

ओळखीच्या खुणा एकत्र पाहाव्यात, एकेकटी खूण पुरत नाही. पानं समोरासमोर, तीन ते सहा सेंटिमीटर लांब, वरून गर्द आणि तुळतुळीत. पेरावर ताठ काट्यांची जोडी, काही काटे टोकाशी दुभंगलेले. फांदीच्या शेंड्याला पांढऱ्या, पाच पाकळ्यांच्या फुलांचा झुपका आणि त्याला जुईच्या जवळ जाणारा वास. पान किंवा कच्चं फळ तोडलं की लगेच पांढरा चीक. फळ घोसात, आधी हिरवं, मग एका अंगानं तांबूस, शेवटी जांभळट काळं. पिकलेलं फळ फोडलं तर आत गडद लाल किंवा फिकट गर निघतो. लाल निघाला तर कोंबडा, फिका निघाला तर कोंबडी, हा पोरांचा खेळ इथं सगळ्यांना ठाऊक आहे. चवीच्या दृष्टीनं दोन्ही चालतात, पण सरबताच्या रंगासाठी कोंबडे जास्त असलेली जाळी निवडावी. एका जाळीची फळं साधारण एकाच जातीची निघतात, तेव्हा दोन-चार फोडून पाहिली की कळतं.

चीक ही एकटी खूण धरू नका. करवंद ज्या कुळातली आहे त्याच कुळात कण्हेर आणि पिवळी बिट्टी आहेत, दोन्ही चिकाळ आणि दोन्ही विषारी. त्यांची पानं लांब आणि अरुंद असतात, काटे नसतात, त्यामुळं जाणत्याला घोटाळा होत नाही. लहान मुलांना मात्र हा फरक मुद्दाम दाखवावा. दुसरा घोटाळा घाणेरीचा. ती करवंदीच्या जाळीतच घुसून वाढते, तिची काळी बारीक फळं गुच्छात असतात आणि घाईत करवंदाबरोबर ओरबाडली जातात. घाणेरीचं पान खरखरीत, कडांना दाते असलेलं, चोळलं की उग्र वास येतो. तिची हिरवी फळं विषारी आहेत, म्हणून घरी आल्यावर निवडताना हिरव्या ढिगात बारीक, एकमेकांना चिकटलेले मणी दिसले तर तेवढे टाकून द्या. तिसरं गेळा: काटेरी झुडूप, फळ कच्चं असताना हिरवं, पण करवंदापेक्षा मोठं, टोकाला मुकुटासारखा वाळका निदलपुंज (फुलाच्या पाकळ्यांखालचा हिरवा भाग, वाळून राहिलेला) आणि चीक अजिबात नाही. गेळ्याचं फळ ओकारी आणतं, माशांना गुंगी आणायला ते वापरतात. ते खायचं नाही.

चार टप्पे

माघात फुलं, मार्च उजाडला की फळ धरतं. पुढचं वेळापत्रक दर वर्षी आठ-पंधरा दिवस मागं-पुढं होतं, पण क्रम ठरलेला आहे.

*कोवळं हिरवं*: गुढीपाडव्याच्या आगे-मागे. वाटाण्यापेक्षा थोडं मोठं, बी पांढरं आणि नखानं सहज कापलं जाणारं. ठेचा, आमटी आणि सबंध करवंदाचं लोणचं याच वयाचं.

*जून हिरवं*: जोतिबाच्या चैत्री यात्रेपासून पुढं. फळ पूर्ण भरलेलं, अजून दगडासारखं टणक, बी तपकिरी व्हायला लागलेलं. फोडीचं लोणचं आणि मिठाच्या पाण्यातलं साठवण यासाठी उत्तम. आंबटपणा आणि पेक्टिन (फळातला जेली धरवणारा घटक) दोन्ही या वेळी भरपूर.

*तांबूस*: एप्रिलचा शेवट, मेचा पहिला आठवडा. जेली आणि केकवरची चेरी याच टप्प्याची. लोणच्याला हे वय उशिराचं.

*काळं*: अक्षय्य तृतीयेनंतर मृगापर्यंत. नुसतं खायला, सरबताला. वटपौर्णिमेच्या वाणात आंबा, फणस, जांभळाबरोबर करवंद असतं ते याच शेवटच्या खेपेचं.

वळवाचा मोठा पाऊस झाला की काळ्या करवंदाचं गणित बदलतं. फळ पाणी पिऊन फुगतं, साल तडकते, दोन दिवसांत आंबूस वास येतो आणि आत अळी दिसायला लागते. पावसाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोडलेलं काळं करवंद साठवणीला घेऊ नका, त्याच दिवशी खाऊन संपवा. मंडईत घेतानाही हेच पाहा: द्रोणाच्या तळाशी रस साचला असेल तर ते करवंद सरबतालासुद्धा उशिराचं झालं. कपिलतीर्थ मंडईच्या बाहेर डोंगराकडच्या बायका बुट्टी घेऊन बसतात. त्यांच्याकडं सकाळी दहाच्या आत गेलात तर आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे तोडलेला माल मिळतो. हिरवं हवं असेल तर आठवडाभर आधी सांगून ठेवावं लागतं, कारण जास्त गिऱ्हाईक काळ्याला असल्यामुळं हिरवं मुद्दाम कुणी तोडून आणत नाही.

तोडणी

पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, बूट आणि आकडी एवढं हवं. आकडीनं फांदी स्वतःकडं ओढून पायाखाली किंवा गुडघ्याखाली धरायची, मग दोन्ही हात मोकळे राहतात. जाळीच्या बुडाशी हात घालायचा नाही. सावली आणि पाचोळा असल्यामुळं घोणस, फुरसं तिथं बसलेलं असू शकतं. आधी काठीनं बूड हलवून घ्या, क्षणभर थांबा, मग पुढं व्हा.

हिरवं फळ देठासकट तोडलं तर चीक कमी वाहतो आणि फळ जास्त टिकतं. काळं करवंद हलक्या हातानं वळवून घ्यायचं, देठ फांदीवर राहिला तरी चालतो. काळ्या फळांचा थर बुट्टीत चार बोटांपेक्षा जास्त नको, मधे पळसाची पानं घाला. खोल बादलीत भरलेलं काळं करवंद घरी येईपर्यंत तळाशी चेचलेलं असतं. घरात ते दोन-तीन दिवस टिकतं, हिरवं आठवडाभर.

फांद्या मोडून खाली आणून तोडण्याची जी सवय अलीकडं दिसते ती फार वाईट. फूल आणि फळ शेंड्यांवर येतं, म्हणजे मोडलेली फांदी पुढच्या हंगामाचं फळही घेऊन जाते. उंचावरची फळं राहू द्यावीत. बुलबुल ती खातात आणि नवी जाळी त्यांच्याच विष्ठेतून उगवते. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीतून फळं काढायला कायद्यानं मनाई आहे, तिथं तोडू नका. त्याबाहेरच्या गायरानात आणि खाजगी माळावर मालकाला विचारून तोडावं. आणि फेब्रुवारीत गवताला काडी लावणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं: चांगलं गवत येईल म्हणून लावलेला वणवा नेमका करवंद फुलात असताना डोंगर चढतो. त्या उतारावर त्या वर्षी करवंद नाही, आणि जाळी बुडापर्यंत जळाली असेल तर पुढची दोन-तीन वर्षंही नाही.

चीक काढणं

चीक तीन ठिकाणी त्रास देतो: हाताला-ओठाला चिकटतो, पदार्थाला तुरट कडवटपणा देतो आणि भांड्याच्या काठाला रबरासारखा बसतो. हिरव्या फळात तो सर्वांत जास्त, काळ्यात सर्वांत कमी, पण पूर्ण जात नाही.

हाताला आधी गोडं तेल चोळा. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन लिटरला दोन चमचे मीठ विरघळवा आणि देठ पाण्याच्या आतच काढा. वर हवेत देठ काढला की चीक फळावर ओघळून सुकतो आणि मग घासूनही निघत नाही, पाण्यात काढला की विरून जातो. तासाभरानं पाणी बदला, परत तासभर ठेवा, मग साध्या पाण्यातून दोनदा काढा. काळ्या करवंदांना मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं पुरतात, त्याहून जास्त ठेवलीत तर रंग पाण्यात उतरतो. चिकाचं भांडं आधी तेलानं पुसायचं, मग साबणानं धुवायचं. नुसत्या साबणानं तो निघत नाही.

भांडी स्टीलची, काचेची किंवा चिनी मातीची. करवंद फार आंबट आहे, त्यामुळं पितळ, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड चारही वर्ज्य. लोखंडाच्या कढईत काळ्या करवंदाचा रस शिजवला तर तो लालचा काळपट होतो. तो दोष फळाचा नसतो, लोखंड उतरल्यामुळं रंग बदलतो.

लोणचं

प्रमाण एक किलो जून हिरव्या करवंदांसाठी: मीठ १५० ग्रॅम, हळद २० ग्रॅम, मोहरीची डाळ ८० ग्रॅम, लाल तिखट ७० ग्रॅम, मेथी १० ग्रॅम, हिंग १० ग्रॅम, शेंगतेल ३०० मिलिलिटर. गोडसर आवडत असेल तर चिरलेला गूळ १०० ग्रॅम.

१. चीक काढलेली करवंदं सुती कापडावर पसरून पंख्याखाली चार-पाच तास सुकवा. देठाच्या खळगीत पाणी साचून राहतं, ती बाजू खाली करून ठेवा. उन्हात ठेवू नका, साल सुरकुतते.

२. प्रत्येक करवंद वाटीच्या बुडानं किंवा खलबत्त्यात एकदाच दाबून फोडा. चिरडायचं नाही, फक्त तडा जायला हवा. न फोडता ठेवलेल्या जून करवंदाची साल मेणचट असते, मीठ आत शिरत नाही आणि आतून फळ आंबून फुगतं. बी कडक झालं असेल तर याच वेळी टोकदार सुरीनं काढा. कोवळं असेल तर राहू द्या.

३. मीठ आणि हळद चोळून बरणीत दोन दिवस ठेवा, दिवसातून दोनदा हलवा. सुटलेलं पाणी फेकू नका. त्यात आंबटपणा आणि मीठ दोन्ही आहे आणि तेच लोणचं टिकवतं.

४. मेथी थोड्या तेलात मंद आचेवर तांबूस तळून कुटा. काळी पडली तर टाकून दुसरी घ्या, कारण करपलेल्या मेथीचा कडूपणा चिकाच्या कडूपणात मिसळला की लोणचं सुधारता येत नाही.

५. तेल धूर येईपर्यंत तापवून उतरवा. थोडं निवल्यावर हिंग, मग मोहरीची डाळ आणि मेथी घाला. बोट बुडवता येईल एवढं कोमट झालं की तिखट. गरम तेलात तिखट टाकलं की ते करपतं आणि रंग विटकरी होतो.

६. हे सगळं करवंदात मिसळून कोरड्या बरणीत भरा. आठवडाभर रोज कोरड्या लाकडी चमच्यानं वर-खाली करा. मग दाबून बसवा आणि तेल बोटभर वर राहील असं पाहा. कमी पडलं तर तापवून गार केलेलं तेल घाला. दहा-बारा दिवसांत मुरतं.

एक गोष्ट कोल्हापुरात वारंवार होते म्हणून वेगळी सांगायला हवी. तिखट म्हणजे नुसती कुटलेली मिरची. घरात डब्यात असलेली कांदा-लसूण चटणी लोणच्यात घालू नका. तिच्यात कांदा, खोबरं आणि तीळ असतात. कांद्याचा ओलावा बुरशीला वाट देतो आणि खोबरं महिन्या-दीड महिन्यात खवट होतं. आठ दिवसांत संपवायचं ताजं लोणचं असेल तरच ती चालेल.

वर पांढरा पातळ पापुद्रा दिसला तर तेल कमी पडलं किंवा ओला चमचा गेला. सुरुवातीलाच दिसला आणि वास ठीक असला तरी त्यावर तेल ओतून झाकू नका. हिरवी-काळी केसाळ बुरशी असेल तर सगळी बरणी टाकून द्यावी, वरचं काढून खालचं खाऊ नये. करवंद मऊ पडलं असेल तर फळ तांबूस टप्प्याचं होतं. त्याला उपाय नाही, ते लवकर संपवा.

ठेचा आणि आमटी

वाटीभर कोवळी करवंदं फोडून, बी काढून, दोन चमचे तेलात सहा-सात हिरव्या मिरच्या आणि आठ लसूण पाकळ्यांबरोबर परता. हिरवा रंग जाऊन पिवळसर झाला की उतरवा. न परतता कच्चंच ठेचलं तर चीक जिभेला चिकटतो, म्हणून हे परतणं टाळता येत नाही. खलबत्त्यात जिरं, मीठ, अर्धी वाटी भाजलेले शेंगदाणे आणि सुपारीएवढा गूळ घालून ठेचा. मिक्सर फिरवायचाच असेल तर थांबत-थांबत, लगदा होऊ देऊ नका. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहतो. ज्वारीच्या भाकरीबरोबर याच्यासारखं तोंडी लावणं चैत्रात दुसरं नाही.

आमटीला चिंचेऐवजी चौघांसाठी सात-आठ ठेचलेली करवंदं पुरतात. ती तूरडाळ पूर्ण शिजल्यावरच घालायची. आधी घातली तर आंबटामुळं डाळ शिजत नाही, कितीही शिट्ट्या झाल्या तरी टिचते.

वर्षभर आमटीला हवी असतील तर लिटरभर पाण्यात १२० ग्रॅम मीठ उकळून पूर्ण गार करा, फोडलेली जून हिरवी करवंदं त्यात बुडवा आणि वर काचेची छोटी ताटली ठेवून दाबा, म्हणजे एकही फळ वर तरंगणार नाही. तरंगणाऱ्या फळापासूनच बिघाड सुरू होतो. वापरण्याआधी अर्धा तास साध्या पाण्यात ठेवा आणि आमटीत मीठ बेतानं घाला.

जेली

जेली धरते ती पेक्टिन, आम्ल आणि साखर या तिघांच्या मेळानं. करवंदात पहिली दोन घरचीच आहेत, पण फळ काळं झालं की पेक्टिन मोडत जातं. म्हणून तीन भाग तांबूस आणि एक भाग काळी असं मिश्रण घ्या. तांबूस फळं जेली धरवतात, काळी रंग देतात. नुसत्या काळ्या करवंदांची जेली केली तर पाक होतो, आणि मग घट्ट व्हावा म्हणून उकळत राहिलं की चिकट गोळा होतो.

एक किलो फळं, एक लिटर पाणी. मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटं शिजवा, मधे पळीनं हलकं दाबा. मलमलच्या कापडात बांधून रात्रभर टांगून ठेवा. पिळू नका. पिळलं की गर आणि चीक उतरून जेली गढूळ होते. उरलेला चोथा फेकू नका, चाळणीवर घासून बिया काढा आणि गूळ, तिखट, मीठ घालून त्याची आंबटगोड चटणी शिजवा. गूळ वापरायची जागा ती. जेलीत गूळ घातला तर त्याचा रंग आणि वास करवंदावर मात करतो.

टांगलेला रस मोजा. लिटरला ८०० ग्रॅम साखर. रुंद पातेल्यात मोठ्या आचेवर उकळा, फेस काढत राहा. एका वेळी लिटरपेक्षा जास्त रस घेऊ नका. भरलेल्या पातेल्याला आटायला वेळ लागतो आणि आम्लात फार वेळ उकळलेलं पेक्टिन तुटतं.

उतरवायची वेळ. पुस्तकांत १०५ अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. कोल्हापूर शहर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, इथं साधं पाणीच सुमारे ९८ अंशांना उकळतं. त्यामुळं इथं १०३ अंशांच्या जवळ जेली तयार होते. पन्हाळ्याला आणखी अंशभर आधी. १०५ ची वाट पाहिली तर जेली चामड्यासारखी होते. सोपा नियम असा: त्या दिवशी त्याच थर्मामीटरनं उकळतं पाणी मोजा आणि त्यात पाच अंश मिळवा. थर्मामीटर नसेल तर ताटली फ्रीजमध्ये गार करून तिच्यावर थेंब टाका आणि मिनिटानं बोटानं ढकला. वर सुरकुती पडली तर गॅस बंद. थेंब पाहत असताना आच बारीक ठेवायला विसरू नका.

उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या बाटल्यांत गरम असतानाच भरा. एवढ्यात सव्वा किलोच्या आसपास जेली होते. दुसऱ्या दिवशी धरली नसेल तर एकदाच, थोडा तांबूस करवंदांचा नवा रस घालून उकळा. त्यानंतरही नाही धरली तर सरबत म्हणून वापरा.

चेरी

केकवर, पानात, आइस्क्रीमवर जी स्वस्त लाल चेरी दिसते ती बहुतेक वेळा रंगवलेलं करवंद असतं. घरी करायला सोपी आहे, फक्त धीर हवा. टणक तांबूस करवंदांना चीर देऊन बिया काढा, पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून निथळा. अर्धा किलो फळांना अर्धा किलो साखर आणि अर्धा लिटर पाण्याचा पाक करून फळं त्यात बुडवा. रोज पाक निथळून काढा, त्यात १०० ग्रॅम साखर घालून उकळा, कोमट झाल्यावर परत फळांवर ओता. पाच-सहा दिवस असं करत राहा. पहिल्याच दिवशी घट्ट पाक घातला तर तो फळातलं पाणी खेचून घेतो आणि चेरीऐवजी मनुका होते. रंगासाठी पाकात बिटाची चकती पुरते. शेवटी निथळून जाळीवर दोन दिवस सुकवा.

सरबत

एक किलो काळी करवंदं, २०० मिलिलिटर पाणी, मंद आच. साली तडकेपर्यंत, साधारण आठ-दहा मिनिटं. खळखळून उकळू नका. रवीनं किंवा हातानं कुस्करा, आधी चाळणीतून, मग कापडातून गाळा. मिक्सर अजिबात नको, बिया फुटल्या की सगळा रस कडवट होतो. मिळालेला रस तीन-चार तास फ्रीजमध्ये स्थिर ठेवा. उरलासुरला चीक वर साय धरतो, ती चमच्यानं काढून टाका. ही पायरी फार जण सोडतात आणि मग सरबत ओठाला चिकटतं म्हणतात.

लिटरभर रसाला दीड किलो साखर आणि अर्धा लिटर पाण्याचा पाक. पाक पूर्ण गार झाल्यावरच रसात मिसळा. पिताना एका भागाला तीन-चार भाग पाणी, चिमूट मीठ, भाजलेलं जिरं. फ्रीजमध्ये महिनाभर चांगलं राहतं.

बाहेर टिकवायचं असेल तर परिरक्षक लागतं आणि इथं एक चूक नेहमी होते. लिंबू-आंब्याच्या सरबतात घालतात ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट करवंदात घालू नका, ते लाल-जांभळा रंग उडवतं. सोडियम बेंझोएट घ्या: तयार सरबताच्या दर लिटरला अर्धा ग्रॅम, चमच्याच्या अंदाजानं नाही तर छोट्या काट्यावर मोजून, थोड्या कोमट पाण्यात विरघळवून.

बांधावरचं कुंपण

डोंगरावरची जाळी कमी होत चालली आहे, तेव्हा ज्याच्याकडं बांध आहे त्यानं करवंद लावावी असं मनापासून वाटतं. काटेरी तारेचा खर्च वाचतो आणि तिसऱ्या वर्षापासून फळ मिळतं. रोपवाटिकेतून घ्यायची असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जात विचारा. लोणचं-जेलीसाठी ती सोयीची. जाळीतल्या करवंदाचा वास हवा असेल तर बी डोंगराचंच लावा.

बी पूर्ण काळ्या फळातलं, धुऊन, एक-दोन दिवस सावलीत सुकवलेलं. ते साठवून ठेवता येत नाही, उगवण्याची ताकद लवकर जाते. पुढच्या वर्षीसाठी ठेवलेलं बी न उगवण्याचं कारण हेच. जूनमध्येच माती, वाळू आणि शेणखत समप्रमाणात भरलेल्या पिशव्यांत प्रत्येकी दोन-तीन बिया सेंटिमीटरभर खोल टोचा. उगवल्यावर एक जोमदार रोप ठेवा. फांदीचे छाट सहज मुळं धरत नाहीत. आवडत्या जाळीचंच रोप हवं असेल तर पावसाळ्यात गुटी बांधा, म्हणजे फांदीला झाडावर असतानाच मुळं फुटू द्या.

वर्षाची रोपं पुढच्या मृग-आर्द्रात लावा. एकेका फुटाचे खड्डे, प्रत्येकात दोन किलो कुजलेलं शेणखत. दोन ओळी, दोन्हींत दोन-दोन फुटांचं अंतर, रोपं एकमेकांच्या फटीसमोर येतील अशी. शंभर फूट कुंपणाला शंभर रोपं धरा. पहिला उन्हाळा दर आठ-दहा दिवसांनी रोपाला दोन-तीन लिटर पाणी, दुसऱ्यापासून नाही दिलं तरी चालतं. काटे कोवळे असेपर्यंत शेळ्या शेंडे खातात, तेवढं वर्ष बाभळीच्या फांद्या आडव्या टाका.

शिरोळ, हातकणंगलेच्या नदीकाठच्या काळ्या रानात करवंद मरते ती उन्हानं नव्हे, साचलेल्या पाण्यानं. तिथं उसाच्या सरीलगत लावू नका, बांधाच्या माथ्यावर, मुरूम-दगड मिसळून लावा.

रोप दीड फुटाचं झालं की एक फुटावर छाटा, म्हणजे बुडापासून फांद्या फुटतात. न छाटलेली करवंद वर पसरते, खाली मोकळी राहते आणि डुक्कर त्याच भगदाडातून आत येतं. त्यानंतरची छाटणी वर्षातून एकदा, फळ संपल्यावर जुलै-ऑगस्टमध्ये. दिवाळीनंतर कात्री लावू नका, कारण माघात फुलणारे शेंडे तेव्हा तयार होत असतात.